बायोडिझेलच्या गाड्या आणि हरित इमारतीचा गुण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर परिसरातल्या हिंगणा, बुटीबोरी आणि मिहानमधले कारखाने, वर्धा रोड आणि कामठी रोडवरच्या शाळा, स्वतःच्या बस असलेली कॉलेजं आणि रुग्णालयं यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या बस बायोडिझेलवर चालवल्या की इमारतीला हरित प्रमाणपत्राचा गुण मिळतो, हे खरं आहे का?

काही प्रकल्पांना मिळतो, सरसकट सगळ्यांना नाही. तुमचा प्रकल्प कोणत्या पद्धतीत आणि तिच्या कोणत्या आवृत्तीत नोंदला आहे, त्यावर सगळं ठरतं. लीड (LEED) या हरित इमारतींना गुण देणाऱ्या अमेरिकी पद्धतीत एकूण गुण ११०. त्यात ४० ला प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम. आपण ज्याच्या मागे आहोत तो बहुतेक वेळा यातला एकच गुण असतो. तो एक गुण ५९ चे ६० करत असेल, तर मेहनत सार्थकी लागते. नुसतं कुणी सुचवलं म्हणून टाकी बसवायला निघाला असाल, तर आधी प्रश्न ४ वाचा.

२. बायोडिझेल म्हणजे नेमकं काय? तळणीचं तेल गाळून टाकीत ओतलं तर चालेल का?

नाही, अजिबात नाही. तेल आणि बायोडिझेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वनस्पती तेलाची किंवा चरबीची मिथेनॉलशी, आम्लारी उत्प्रेरकाच्या मदतीने, अभिक्रिया घडवली की मिथाइल एस्टर तयार होतं. तेच बायोडिझेल. ढोबळ हिशोब असा: १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल यांतून सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन निघतं. कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. नोझलमधून त्याचा नीट फवारा होत नाही, अर्धवट जळतं आणि इंजेक्टरवर कोळसा चढतो. बी१०० म्हणजे निव्वळ बायोडिझेल, बी२० म्हणजे त्यात २० टक्के बायोडिझेल आणि बाकी साधं डिझेल. भारतात बी१०० साठी आयएस १५६०७ हे मानक आहे. पंपावरच्या साध्या डिझेलच्या आयएस १४६० या मानकातही ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं.

३. नागपुरात २०१४ मध्ये इथेनॉलवरची हिरवी बस धावली होती. हे तेच का?

ते वेगळं इंधन. इथेनॉल हा अल्कोहोल आहे आणि आपल्याकडे तो मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळतात. त्या बसचं इंजिन इथेनॉलसाठीच बनवलेलं होतं. बायोडिझेल साध्या डिझेल इंजिनात, ठरावीक प्रमाणापर्यंत, काही बदल न करता चालतं. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ मध्येही दोघांची उद्दिष्टं वेगळी आहेत. डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं सूचक उद्दिष्ट २०३० चं आहे.

४. कोणत्या आवृत्तीत बायोडिझेलला काय किंमत आहे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कारण इंटरनेटवर सापडणारी बरीच माहिती जुन्या आवृत्तीची आहे.

लीड २००९ च्या शाळांसाठीच्या नियमावलीत बायोडिझेलचं नाव घेऊन गुण होता. शाळेला सेवा देणाऱ्या बस आणि देखभालीच्या गाड्यांपैकी २० टक्के नैसर्गिक वायू, प्रोपेन किंवा बायोडिझेलवर चालवण्याचा आराखडा करा आणि अमलात आणा, असा तो पर्याय. हे २० टक्के गाड्यांच्या संख्येने मोजा, इंधनाने मोजा किंवा दोन्ही मिळून मोजा, अशी मुभाही होती. पण या आवृत्तीची नवी नोंदणी ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाली. आज कुणी सल्लागार या कलमाच्या आधारावर गुण मिळवून देतो म्हणाला, तर त्याला आवृत्ती विचारा.

लीड व्ही४ मध्ये ‘ग्रीन व्हेइकल्स’ नावाचा एक गुण आहे. एकूण पार्किंगपैकी ५ टक्के जागा हरित वाहनांना राखीव ठेवायच्या आणि सोबत दोनपैकी एक सोय करायची: २ टक्के जागांवर विजेचं चार्जिंग, नाहीतर द्रव किंवा वायुरूप पर्यायी इंधन भरण्याची अशी सोय, जी रोज पार्किंगच्या २ टक्के इतक्या गाड्यांना पुरेल. बायोडिझेलला सरळ दार उघडतं ते या दुसऱ्या पर्यायात. १२० गाड्यांचं पार्किंग असेल तर राखीव जागा ६, आणि २ टक्के म्हणजे २.४, ते वर नेऊन ३ गाड्या. रोज तीन गाड्यांना पुरेल एवढी सोय ही काही फार मोठी गोष्ट नाही.

व्ही४.१ मध्ये या गुणाचं नावच ‘इलेक्ट्रिक व्हेइकल्स’ झालं. तिथे फक्त चार्जिंग मोजतात, बायोडिझेलला त्या गुणात जागा नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या व्ही५ चाही कल विजेकडेच आहे. आयजीबीसीच्या, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या, नियमावल्यांतही वाहनांचा भर चार्जिंगवर आहे. या सगळ्या ठिकाणी बायोडिझेलला उरतो तो नावीन्याचा, म्हणजे इनोव्हेशनचा मार्ग (प्रश्न १३).

५. आम्ही शाळा बांधतोय, व्ही४ मध्ये नोंदणी आहे. बससाठी बायोडिझेल घ्यायचं का?

गुणासाठी म्हणत असाल, तर गरज नाही. व्ही४ मध्ये शाळांना बसचा स्वतंत्र पर्याय आहे आणि तो धुराच्या आकड्यावर चालतो: भोगवटा प्रमाणपत्रापासून सात वर्षांच्या आत प्रत्येक बसने नायट्रोजन ऑक्साइड ०.५० ग्रॅम आणि धुरातले काजळीचे कण ०.०१ ग्रॅम प्रति ब्रेक अश्वशक्ती-तास ही मर्यादा गाठायची. आपल्या एककात हे ०.६७ आणि ०.०१३ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास होतात. बीएस-६ (भारत स्टेज ६) या धुराच्या मानकात जड वाहनांच्या इंजिनाची बदलत्या भाराच्या चाचणीतली मर्यादा नायट्रोजन ऑक्साइडला ०.४६ आणि कणांना ०.०१ आहे. म्हणजे एप्रिल २०२० नंतरची मोठी बीएस-६ बस कागदावर ही अट आधीच पूर्ण करते. आराखड्यात बीएस-४ बस कधी निवृत्त होणार याचं वेळापत्रक जोडा. जुन्या बसमध्ये बायोडिझेल ओतून ही अट पूर्ण होत नाही. बायोडिझेलने कण कमी होतात, पण नायट्रोजन ऑक्साइड किंचित वाढतो.

लहान व्हॅनची चाचणी ग्रॅम प्रति किलोमीटरमध्ये होते. तिचा आकडा या अटीशी थेट जुळवू नका, नाहीतर परीक्षक नेमका तोच कागद परत पाठवतो.

६. बायोडिझेलवर चालणारी कार राखीव हरित पार्किंगमध्ये लावता येते का?

इंधनामुळे नाही. व्ही४ मध्ये हरित वाहन म्हणजे अमेरिकेतल्या एसीईईई संस्थेच्या गुणांकनात किमान ४५ गुण मिळवणारं, किंवा अमेरिकेबाहेर त्याच्या तोडीच्या स्थानिक मानकात बसणारं वाहन. टाकीत आज काय ओतलंय हे पार्किंगच्या पाटीला कळत नाही. म्हणून मोजतात ते वाहनाचं मॉडेल.

७. आवारात टाकी ठेवायची तर परवाना लागतो का?

इथे नागपूरकरांची एक सोय आहे: पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, हिचं मुख्यालयच आपल्या शहरात आहे. शंका लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

पेट्रोलियम कायदा १९३४ फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्या तापमानावरून, वर्ग पाडतो. २३ अंशांखाली अ, २३ ते ६५ ब, ६५ ते ९३ क. साधं डिझेल ब वर्गात येतं. बी२० मध्ये ८० टक्के डिझेलच असल्याने तेही ब वर्गातच धरा. या वर्गाचा साठा एका जागी २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरच्या आत असेल, तर त्या कायद्याखाली साठवणुकीचा परवाना लागत नाही. चांगल्या बी१०० चा फ्लॅश पॉइंट १०० अंशांच्या वर असतो, म्हणजे तो या तिन्ही वर्गांच्या बाहेर पडतो. पण त्यात मिथेनॉल राहिलं असेल तर हाच आकडा झपाट्याने खाली येतो. त्यामुळे प्रत्येक खेपेचा चाचणी अहवाल लागतो. अग्निशमन विभागाची संमती आणि जिल्हा पुरवठा कार्यालयाचं म्हणणं ही वेगळी कामं आहेत, ती टाळू नका.

टाकी उघड्यावर किंवा हवेशीर जागी, तळघरात नको. खाली गळती धरणारा कट्टा, आणि त्यात टाकीच्या क्षमतेपेक्षा थोडी जास्त जागा. टाकी साध्या पोलादाची किंवा स्टेनलेसची घ्या. तांबं, पितळ, जस्त, शिसं आणि कथील बायोडिझेलला लवकर खराब करतात, म्हणून गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि पितळी कॉक दोन्ही बाद.

८. बीएस-६ गाडीत बी२० चालेल का?

कंपनीचं पत्र असेल तरच. ७ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण डिझेलच्या मानकातच बसतं, त्याची काळजी नाही. त्यापुढे मात्र दोन अडचणी येतात.

एक, कणांच्या फिल्टरची सफाई. हा फिल्टर तापवून आतली काजळी जाळायची असते. त्यासाठी काही इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं. साधं डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, पण बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा असल्याने ते तिथेच साठतं. दर दोनशे मीटरवर थांबणाऱ्या स्कूलबसचा धूर कधी पुरेसा तापत नाही, सफाई वारंवार होते आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून आनंद मानू नका, ते ऑइल पातळ झालेलं असतं. बदलण्याचं अंतर कमी करा.

दोन, धातू. उत्प्रेरकातून राहिलेलं सोडियम-पोटॅशियम राख होऊन फिल्टरमध्ये बसतं. युरोपीय मानकात या दोघांची मिळून मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. पुरवठादाराकडून हा आकडा मागा. तो सांगता येत नसेल, तर त्याच्याकडून बीएस-६ गाडीसाठी माल घेऊ नका.

जुन्या बीएस-३ आणि बीएस-४ गाड्यांत नायट्राइल आणि नैसर्गिक रबराचे पाइप, सील फुगतात किंवा मऊ पडतात. बी२० ला हे हळू होतं, बी१०० ला लवकर. बदलताना व्हिटॉनचे, म्हणजे बायोडिझेल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे, घ्या.

९. ‘बायोडिझेल’ म्हणून विकलं जाणारं सगळं खरं असतं का?

नसतं, आणि ही गोष्ट आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. हलक्या औद्योगिक तेलात सॉल्व्हंट मिसळून ते बायोडिझेलच्या नावाने विकल्याची प्रकरणं राज्यात पकडली गेली आहेत. असा माल इंजिन खातो, प्रमाणपत्राचा दावा खोटा पाडतो आणि तुम्हाला कायद्याच्या कचाट्यातही आणतो.

एक सोपी पारख आहे. काचेच्या बाटलीत २७ मिलिलिटर मिथेनॉल घ्या, त्यात ३ मिलिलिटर नमुना टाका, साधारण २० ते २२ अंशांना हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. एस्टर असेल तर सगळं विरघळून द्रव स्वच्छ राहतो. तळाशी थेंब जमले तर अभिक्रिया अर्धवट झाली आहे किंवा खनिज तेल मिसळलं आहे. मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते तेव्हा बाटल्या आधी पाण्यात गार करा, नाहीतर खराब नमुनाही पास होतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे: हातमोजे, चष्मा, उघडी हवा, आणि जवळ विडी-सिगारेट नाही.

ही पारख दारावरच्या टँकरसाठी. फाइलमध्ये प्रयोगशाळेचा अहवालच लागतो: एस्टरचं प्रमाण (किमान ९६.५ टक्के), घनता ८६० ते ९००, पाणी, आम्लांक, फ्लॅश पॉइंट. प्रत्येक खेपेचा एक लिटर नमुना सीलबंद करून ती खेप संपेपर्यंत जपा.

१०. सुरू केल्यावर पहिल्या महिन्यातच फिल्टर चोक झाले. माल खराब होता का?

बहुधा नाही. बायोडिझेल उत्तम सॉल्व्हंट आहे. जुन्या टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो. सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांपुरता हा त्रास असतो. सुरू करण्याआधी टाकी खाली करून धुऊन घ्या, प्रत्येक गाडीत एक जादा फिल्टर आणि तो बदलायचा पाना ठेवा. आधी बी५, मग बी१०, मग बी२० असं चढत जा. महिनाभरानंतरही फिल्टर चोक होत असतील, तर प्रश्न ११ मधली कारणं तपासा.

११. आपला उन्हाळा आणि थंडी, दोन्हींत काय जपायचं?

थंडीत खोबरेल तेल गोठतं, तसंच बायोडिझेलचं होतं. आपल्याकडे तळणीसाठी पामतेल भरपूर वापरतात, म्हणून वापरलेल्या तेलाचं बायोडिझेलही बरंचसं पामच्या स्वभावाचं. निव्वळ पाम बायोडिझेल १३ ते १६ अंशांनाच गढूळ व्हायला लागतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर होता. उघड्यावरच्या बी१०० च्या टाकीत अशा पहाटे तळाशी तुपासारखा थर बसतो. डिसेंबर-जानेवारीत मिश्रण बी१० वर आणा, किंवा सोयाच्या तेलापासून केलेला माल मागा. तो शून्याच्या आसपास गढुळतो. खरेदीच्या ऑर्डरमध्ये ‘क्लाउड पॉइंट (गढूळ होण्याचं तापमान) किती’ हे लिहूनच घ्या.

उन्हाळ्यात गोष्ट उलटी. ४५ अंशांत ऑक्सिडेशन वेगाने होतं, आम्ल आणि गोंद तयार होतो. टाकी सावलीत ठेवा, पांढरा रंग द्या, जमेल तेवढी भरलेली ठेवा म्हणजे वर हवा कमी राहते. बी१०० चा साठा मार्च ते जूनमध्ये महिन्याभराच्या वापराएवढाच. शाळांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: उन्हाळी सुट्टीत बसच्या टाकीत बी२० पडून राहू देऊ नका. शेवटच्या आठवड्यात साध्या डिझेलवर या.

पावसाळ्यात पाणी. बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त पाणी धरतं, आणि तेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू वाढून शेवाळी गाळ करतात. दर आठवड्याला तळाचा कॉक उघडून पाणी काढा आणि मोजपट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तपासा.

१२. मिश्रण आम्हीच केलं तर? आणि २० टक्क्यांचा हिशोब कसा दाखवायचा?

बायोडिझेल डिझेलपेक्षा जड. म्हणून आधी डिझेल, वरून बायोडिझेल, म्हणजे ते खाली जाताना मिसळतं. उलट केलं तर जड थर तळाशीच राहतो आणि पहिल्या गाडीत बी५०, शेवटच्या गाडीत बी५ जातं. नंतर पंपाने टाकीभर फिरवून घ्या. बायोडिझेलचं तापमान त्याच्या क्लाउड पॉइंटपेक्षा पाच-सहा अंश वर असलं पाहिजे.

हिशोबात लोक सर्वाधिक चुकतात. पाचपैकी एक बस पूर्ण बी१०० वर असेल, तर गाड्यांच्या संख्येने २० टक्के होतात. पाचही बस बी२० वर असतील, तर इंधनाने २० टक्के. पण पाचपैकी एकच बस बी२० वर असेल, तर इंधनाने ते जेमतेम ४ टक्के भरतं. कोणती पद्धत धरलीय ते पहिल्याच पानावर लिहा आणि मध्येच बदलू नका. बिलांवरचे लिटर, टाकीचं रोजचं मोजमाप आणि गाड्यांचं लॉगबुक, हे तिन्ही आकडे दर महिन्याला जुळवा. दोन-तीन टक्के फरक चालतो, दहा टक्के फरक म्हणजे कुठेतरी गळती किंवा चोरी आहे.

१३. इनोव्हेशनचा गुण मागायचा तर कागद काय लागतात?

लीडला चार गोष्टी स्पष्ट लागतात: उद्देश, तुम्ही स्वतः सुचवलेली मोजता येणारी अट, ती पूर्ण झाल्याचे पुरावे आणि त्यासाठी वापरलेली पद्धत. ‘आम्ही जैवइंधन वापरतो’ एवढ्यावर गुण मिळत नाही. ‘ताफ्याच्या वार्षिक डिझेलपैकी २० टक्के, वापरलेल्या तळणीच्या तेलापासून बनलेलं बायोडिझेल, किमान एक वर्ष’ अशी अट लिहा. सोबत वर्षाची बिलं, खेपांचे अहवाल, वाहन कंपनीचं पत्र, कच्च्या तेलाचा माग आणि प्रश्न १४ मधला कार्बनचा तक्ता जोडा. कच्चा माल खाद्यतेल असेल, तर दावा खूप कमकुवत होतो. गुण मिळेल याची खात्री देता येत नाही, त्यामुळे आराखड्यात हा गुण ‘संभाव्य’ रकान्यातच ठेवा.

१४. कार्बन किती वाचतो, कसा दाखवायचा?

एक लिटर डिझेल जळल्यावर साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. महिन्याला १,००० लिटर डिझेल लागणारा ताफा म्हणजे २,६८० किलो. बी२० मध्ये ऊर्जा एक-दोन टक्के कमी असते, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना १,०१५ लिटर धरा. त्यातलं खनिज डिझेल ८१२ लिटर, म्हणजे २,१७६ किलो. बचत सुमारे ५०४ किलो. घाईघाईत ५३६ लिहिणारे ही जादा १५ लिटर विसरतात.

बायोडिझेलचा स्वतःचा कार्बन वेगळ्या रकान्यात, ‘जैविक’ म्हणून दाखवायचा, गाळायचा नाही. आणि एक बारीक गोष्ट: त्यातला एक कार्बन मिथेनॉलमधून येतो, आणि मिथेनॉल सहसा नैसर्गिक वायूपासून बनतं. एकोणीस कार्बनांच्या रेणूत तो एक, म्हणजे सुमारे ५ टक्के भाग खनिजच. काटेकोर परीक्षक हे विचारतो.

१५. बस ठेकेदाराच्या आहेत, आमच्या नाहीत. तरी चालेल?

शाळेला ‘सेवा देणाऱ्या’ बस असे शब्द असतील, तर मालकी कुणाची हा प्रश्न येत नाही, पण पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. करारात लिहून घ्या: कोणतं मिश्रण, इंधन कुठून, बिलांच्या प्रती दर महिन्याला, इंजिन बिघडलं तर खर्च कुणाचा. शेवटचं कलम नसेल, तर पहिला इंजेक्टर गेल्यावर ठेकेदार गुपचूप साध्या डिझेलवर जातो आणि तुमची फाइल मात्र बी२० च दाखवत राहते.

१६. कँटीनचं वापरलेलं तेल देऊन बदल्यात बायोडिझेल घेता येईल का?

येईल, आणि हा व्यवहार आम्हाला मनापासून आवडतो. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय घटक (वारंवार तळल्याने तेलात वाढणारी खराबी) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल पुन्हा वापरता येत नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. तर्रीच्या कढईतलं उरलेलं तेल नाल्यात किंवा पुन्हा समोशाच्या कढईत जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. संकलकाची पावती आणि बायोडिझेलचं बिल या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. तुम्ही दिलेलंच तेल तुमच्या टाकीत परत आलं, असा दावा करू नका.

१७. जनरेटरमध्येही बायोडिझेल टाकलं तर अक्षय ऊर्जेचा गुण मिळेल का?

बॅकअप जनरेटरला व्यवहारात नाही. लीड २००९ मध्ये जैवइंधनावरच्या विजेला जागा होती, पण मोजमाप इमारतीच्या वार्षिक ऊर्जाखर्चाच्या टक्केवारीत. वीज गेल्यावर महिन्यातून काही तास चालणारा सेट गुणासाठी लागणाऱ्या किमान १ टक्क्यापर्यंतही पोचत नाही. शिवाय उभ्या सेटच्या टाकीत इंधन महिनोन् महिने पडून राहतं, आणि बायोडिझेलसाठी तेच सगळ्यात वाईट. ऐन गरजेला सेट सुरू झाला नाही तर लिफ्टमध्ये माणसं अडकतात. रुग्णालयांनी तर हा विचार सोडूनच द्यावा.

१८. मध्येच दोन महिने पुरवठा बंद झाला तर दावा जातो का?

वार्षिक सरासरीवर अट लिहिली असेल, तर नाही. म्हणूनच प्रश्न १३ मधली अट महिन्यावर न लिहिता वर्षावर लिहा, आणि थंडीत उतरवलेलं मिश्रण व सुट्टीतला साध्या डिझेलचा वापर आधीच त्यात धरा. दोन महिने कोरडे जाणार असतील, तर उरलेल्या दहा महिन्यांत इंधनाने २४ टक्के लागतील. म्हणजे सगळा ताफा बी२० वर ठेवूनही भागत नाही. एखाद्या जुन्या गाडीला, तिच्या कंपनीची परवानगी असेल तर, जास्त मिश्रण द्यावं लागतं. तशी गाडी नसेल, तर अटीतला आकडा सुरुवातीलाच १५ टक्के ठेवा.